मुंडकाराची संमती

ऑर्तेन्सिया फुर्तादो समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव मोजायची. त्याचा तिला पगार मिळतो, यावर तिच्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "लोकांची पोरं दर्यावरून इसवण आणतात," ती मला म्हणायची, "आमची बाटलीतून पाणी आणते. तेसुद्धा फ्रीजमध्ये ठेवते."

आम्ही दोघी एकाच कॉन्व्हेंटमधल्या. ती समुद्राच्या संशोधन संस्थेत लागली आणि मी लग्न होऊन तिच्या शेजारी आले. जहाजावर तिला भयंकर उलट्या व्हायच्या, तरी दक्षिणेकडच्या बर्फाळ पाण्यापर्यंत जाऊन आली. समुद्रातले बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढायला तयारच नसतात, हे तिचं खरं दुखणं. काचेच्या बशीत ती त्यांचं जेवण मांडून वाट बघायची आणि ते उपाशी मरायचे. निवृत्ती तोंडावर आली तरी नवी म्हणावी अशी एकही जात तिच्या नावावर नव्हती.

तशी जात शेवटी सापडली आमच्या घरांमागे. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी आत घ्यायचं जे दार असतं, त्या मानशीखालच्या गढूळ पाण्यात. हे जीव मात्र बशीत मांडलेलं सगळं खाऊन वाढले.

नव्या जातीला मान्यता हवी तर तिचे जिवंत नमुने दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागतात. गावातला जीव परदेशी पाठवायला गावच्या जैवविविधता समितीचा दाखला आणा, असं संस्थेने सांगितलं. निवृत्तीआधी दाखला आला नाही तर तिची शीतपेटी दुसऱ्याला मिळणार आणि जीव मोरीत जाणार होते. समितीवर आम्ही तिघं. अध्यक्ष बेनितो क्वाद्रोस, जन्मभर बोटीवर काम केलेला. निवृत्त शिक्षिका वासंतीबाई नागवेंकर. आणि मी, अक्षर बरं म्हणून. या समितीची ही पहिलीच बैठक.

बेनितोने पहिलाच प्रश्न विचारला, जो आमच्या गावात नव्या पाद्रीलाही विचारतात. हा जीव मूळचा गावचा, की बाहेरचा?

"सांगता येत नाही," ऑर्तेन्सिया म्हणाली. "भरतीचं पाणी रोज आत येतं. कुठूनही आला असेल."

मी टेबलाखालून तिला पाय मारला. तिने आपला पाय बाजूला घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"मग बाहेरच्याला दाखला कसा द्यायचा, बाय? उद्या तो रेशनकार्ड मागेल."

वासंतीबाईंनी वाट काढली. जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, हा त्यावर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेला, कुठून आला कोणाला ठाऊक नाही. म्हणजे हा मुंडकार झाला. बेनितो खूश झाला. त्याचा आजोबा फुर्तादोंचाच मुंडकार होता.

"पण मुंडकाराला मर्जीविरुद्ध उठवता येत नाही," तो म्हणाला. "तुझ्या आजोबांनी किती खटपट केली, विचार. तेव्हा आधी संमती आण."

"त्याला तोंड नाही, बेनित."

"तोंड नसलेले पुष्कळजण पंचायतीवर निवडून आलेत."

पुढच्या बैठकीला ती खरंच बाटली घेऊन आली. निवृत्तीला आठवडा उरला होता आणि तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. वासंतीबाईंनी बाटलीला शुद्ध मराठीत विचारलं, जर्मनीला आणि जपानला जायला आपली काही हरकत आहे का? बाटली गप्प राहिली. बेनितोने मला नोंद करायला सांगितलं, उत्तर नाही.

"खिडक्या लावा," ऑर्तेन्सिया म्हणाली.

अंधार झाल्यावर तिने बाटली जोराने हलवली. तळापासून वरपर्यंत निळा उजेड पसरला. बेनितोने कपाळाला हात लावून क्रुसाची खूण केली. तेवढ्यावर ती थांबली असती तर काम झालं होतं.

"ही संमती नव्हे," ती म्हणाली. "हलवल्यावर पाण्यात हवा मिसळते आणि हवा मिळाली की हे चमकतात. जायचं नसतं तरी असेच चमकले असते."

मी पेन खाली ठेवलं. कोणी खिडकी उघडेना.

"बाय," बेनितो म्हणाला, "माझा मुलगा रविवारी मिस्साला येतो की नाही, ते त्याला हलवल्याशिवाय सांगत नाही. मी ते 'हो'च धरतो."

त्याने सही केली, मग वासंतीबाईंनी. माझी सही व्हायच्या आत ऑर्तेन्सियाने कागद ओढून घेतला आणि आपला विरोध नोंदवल्याशिवाय तो सोडायला तयार होईना. मी लिहिलं: मुंडकाराची संमती आहे. डॉ. फुर्तादो यांना ते मान्य नाही.

नमुने गेले आणि दोन्हीकडे जिवंत पोचले. चर्चच्या पायऱ्यांवर बेनितोने तिला गाठलं. तिथे त्यांना काही काम मिळालं का, असं तो विचारत होता.

"नाही," ती गंभीरपणे म्हणाली. "सध्या गोठवून ठेवलंय."

"होय गे," बेनितो म्हणाला. "परदेशात पहिली दोन वर्षं सगळ्यांचं तसंच असतं."