पातेल्यावरचं लेबल

नव्या पातेल्याचं लेबल नखाने खरवडताना मला नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचं हॉस्टेल आठवलं. बर्फाच्या वादळाने ट्रेन, दुकानं सगळं बंद होतं. आमच्या मजल्याच्या स्वयंपाकघरात, वाफेने धुरकटलेल्या खिडक्यांशी, शेजारच्या खोलीतली इंडोनेशियन मुलगी सगळ्यांचं उरलंसुरलं गोळा करून सूप करत होती. मी तेव्हा कट्टर शाकाहारी होतो. तिने वाडगा पुढे केला तेव्हा मी सगळ्यांदेखत विचारलं, “चिकनच्या भांड्यात नाही ना केलंस?” माझं सूप ज्यात केलं होतं ते मागचं छोटं पातेलं तिने माझ्यासमोर ठेवलं. दांड्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. “तुझ्यासाठी वेगळं घेतलंय, वादळाआधीच,” ती हळूच म्हणाली. मी खाली मान घालून सूप प्यायलो. आता आमच्याकडे एकाच पातेल्यात सगळं शिजतं, चिकनसुद्धा. तिला ‘सॉरी’ म्हणायचं मात्र राहूनच गेलं.