बसल्या जागेचं काम

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या बसस्टँडवर नागपूरची बस लागली, तेव्हा आईने माझी बॅग टपावर चढवू दिली नाही. मांडीवरच ठेव म्हणाली. बाबा नगरपालिकेत चपराशी होते. अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले होते. खुर्चीवर बसून काम करणारी आपल्या घरातली मी पहिली, असं त्यांनी शेजारच्या प्रवाशालाही सांगितलं. आईचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचण्यात गेलेलं. ती खिडकीशी येऊन म्हणाली, "बसल्या जागेचं काम हाय, वरून पंखा. तुले काई तरास नाई होत." वाटेतले बोरगावचे कारखाने मागे पडले आणि मी नागपूरहून पुण्याला आले.

नोकरी लागली ती भाषेमुळे. आमची शाळा हिंदीत आणि घर मराठीत, त्यामुळे दोन्ही येत होत्या. कंपनी आरोग्य विम्याची होती. ज्यांचा दवाखान्याचा क्लेम नामंजूर झाला ते लोक फोन करायचे आणि तो का नामंजूर झाला हे आम्ही सांगायचं. ट्रेनिंगमध्ये माझं 'करून राहिली' आणि 'काहून' काढून टाकण्यात आलं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. कामाचे कपडे वेगळे असतात, तशी कामाची बोली वेगळी, असं मी मनाशी म्हटलं. मी पांढुर्ण्याजवळची म्हटलं की सगळे गोटमारीबद्दल, तिथल्या दगडफेकीच्या जत्रेबद्दल विचारायचे. दुसरं काही कुणी विचारत नसे.

दुसऱ्या वर्षी जबडा दुखायला लागला. सकाळी उठलं की तोंड पूर्ण उघडत नसे, पोळीसुद्धा चहात बुडवून खायची. मी कारणं शोधली. रूमवरचं पाणी जड आहे, मेसचं तेल वाईट आहे, ऑफिसला जायला दोन बस बदलाव्या लागतात. रूम बदलली, मेस बदलली, ऑफिसजवळ राहायला गेले. दुखणं माझ्याबरोबर आलं.

मग ऑफिस दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं आणि तोवर आम्हाला घरून काम करायला सांगितलं. मी सौंसरला आले. सावरगावच्या मावशीने पांढुर्ण्यातला दातांचा डॉक्टर सुचवला. आई सोबत आली. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि म्हणाले, ही झोपेत दात खाते, दाढा झिजल्यात. कामाचा ताण आहे का? मी उत्तर देण्याआधी आईच म्हणाली की हिचं काम बसल्या जागेचं आहे. डॉक्टर हसले नाहीत. रात्री घालायला एक प्लास्टिकची पट्टी बनवून दिली आणि ताणाचं कारण शोधा म्हणाले. परतताना बसमध्ये आई थोडी रागावलेली असावी. उन्हात पाठ मोडेपर्यंत काम केलेल्या बाईला हे दुखणं पटणार कसं?

आमचं घर दोन खोल्यांचं. मी समोरच्या खोलीत हेडफोन लावून बसायचे. एक दिवस हेडफोनच बिघडला आणि मला स्पीकरवर बोलावं लागलं. आई तिथेच सुपात तूर पाखडत होती. एका बाईचा फोन आला. तिच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि बीपीचा जुना आजार लपवला म्हणून क्लेम नामंजूर झाला होता. ती सांगत होती की बीपी आहे हे त्यांना दवाखान्यातच पहिल्यांदा कळलं. मी नेमून दिलेलं वाक्य म्हटलं, की तुमची अडचण मी समजू शकते. ती ओरडली. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग ती रडली आणि शेवटी माझीच माफी मागून तिने फोन ठेवला.

आईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"ते बाई खरं बोलून राहिली होती का?"

"मले तं खरंच वाटलं."

"मंग तिचं काम करून देनं तुह्या हातात नाई?"

"नाई."

"ज्याच्या हातात हाय, त्याले सांगता येते?"

"तेबी नाई. तो कोन हाय हेच मले माईत नाई."

"मंग तिनं हे सारं तुलेच काहून आयकवलं?"

"फोन मी उचलला म्हनून."

तेवढ्यात दुसरा फोन आला, मग तिसरा. दुसऱ्या दिवशी तिने सूप उचललं आणि अंगणात नेलं. मी विचारलं तर म्हणाली, "मले आयकवत नाई." भर उन्हात वावरात उभी राहणारी माझी आई माझ्या पंख्याखालून उठून गेली.

इतकी वर्षं मी पाणी आणि तेल तपासत होते. फोन फार येतात म्हणून मी थकत नव्हते. निर्णय कुणीतरी घेऊन बाजूला झालेला असायचा आणि त्याचा राग घ्यायला मी बसलेली असायचे, तोही गोड आवाजात. ओरडणारी बाई निदान ओरडत होती. मला ते करायची परवानगी नव्हती. ते मी झोपेत दातांनी करत होते.

पुण्याला परतल्यावर ऑफिसात ताणतणावावर कार्यक्रम झाला. बाहेरून आलेल्या बाईंनी श्वासाचे व्यायाम शिकवले. डोळे मिटा आणि वाहती नदी आठवा म्हणाल्या. मला आमच्याकडची जाम नदी आठवली, तीही उन्हाळ्यातली, त्यामुळे वाहतं काही दिसलं नाही. मग त्यांनी प्रत्येकाला ताणाचं कारण विचारलं. कुणी ट्रॅफिक म्हणालं, कुणी मोबाइल. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "ठरवतं दुसरंच कुणी, आणि उत्तर आम्ही देतो. एखादी फाइल चुकीची वाटली तर परत पाठवायची सोय तरी द्या."

आमच्या टीम लीडर राजश्री मॅडम सोलापूरच्या. त्यांनी तिथे मला गप्प केलं नाही, पण नंतर कँटीनमध्ये म्हणाल्या की असं सगळ्यांसमोर बोलायचं नसतं. माझी नोकरी गेली असंच मला वाटलं. मग त्या म्हणाल्या की या कामाने बीपीची गोळी त्यांनाही चालू झाली आहे आणि त्या वरच्यांशी बोलून बघतील.

खूप महिन्यांनी सोय मिळाली. शंका असलेली फाइल आम्ही आता फेरतपासणीला पाठवू शकतो. बहुतेक फाइली तशाच नामंजूर होऊन परत येतात. काही पास होतात. लोक पूर्वीइतकेच ओरडतात. पण "मी तुमची फाइल परत पाठवते आहे" हे वाक्य मला म्हणता येतं आणि ते खरं असतं. जबडा अजून कधीतरी दुखतो. मात्र भाकरसुद्धा मी आता चहात न बुडवता खाते.

आपल्याकडची कितीतरी पोरं आता बाहेर आहेत. रामाकोन्याची आहेत, पांढुर्ण्याची आहेत. घरी फोन केला की आपण सगळे सांगतो, काम चांगलं आहे. घरचेही पुढे विचारत नाहीत, कारण हे काम स्वतःला समजणार नाही असं त्यांना वाटतं. घरच्यांना ते समजणार नाही असं मलाही वाटायचं. एकदा त्यांना शेजारी बसवून पाहा.

मागच्या वेळी घरी गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, पोरगी पुण्यात काय करते. पूर्वी ती 'कंपनीत हाय' एवढंच सांगायची. या वेळी ती पायरीवर बसली आणि सावकाश सांगू लागली, की लोकाइले क्लेम भेटत नाई, ते चिडतात, हे त्याइचं आयकून घेते, अन् जमलं तं त्याइचा कागद परत पाठवते. मी आत जेवत होते. तिने एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही.

पुण्यात माझी रूम आहे, गॅस आहे, नावावर वीजबिल येतं. तरी कुणी घर विचारलं की मी सौंसर सांगते. माझं काम काय आहे, हे तिथे कुणालातरी नीट माहीत आहे.