अंगठ्याच्या नखावरचा नाग

माझी धाकटी जाऊ आमच्या घरात आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये, जुन्या मोज्यांत गुंडाळलेल्या काचेच्या छोट्या छोट्या बाटल्या होत्या. तिचं माहेर आटपाडीकडचं, माझं वाईचं, आणि दोघी नांदायला आष्ट्याला. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, सैन्यात. लग्नाची रजा संपली आणि तो गेला. त्याला गाडीत बसवून आल्यावर ती एकटी रडत बसली असेल म्हणून मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. तिचं रडून झालं होतं. डोळे सुजलेले होते आणि ती फरशीवर कागद पसरून खलबत्त्यात काहीतरी घोटत होती.

"काय गं हे?"

"रंग, आक्का. नेलपॉलिशचा."

"दुकानात मिळतंय की."

"मिळतंय. पर उसाला नवं पान फुटतं ना, तसला हिरवा पायजे. तसला न्हाई मिळत."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मोडक्या आयशॅडोच्या वड्या तिनं पार पिठासारख्या केल्या, धोतराच्या फडक्यातून गाळल्या आणि कागदाची नळी करून बिनरंगी नेलपॉलिशच्या बाटलीत सोडल्या. मग सायकलचे दोन छर्रे आत टाकून झाकण लावलं आणि बाटली कानाजवळ धरून हलवत राहिली. रंग मिसळला की छर्‍यांचा आवाज बदलतो म्हणे. मला काही तो फरक कळला नाही. रंग मात्र हुबेहूब तसाच उतरला होता. आमच्या रानातलं पान आणून नखाशेजारी धरलं तरी वेगळं काढता आलं नसतं.

सगळंच जमत होतं असं नाही. रांगोळीचा रंग तिनं घालून पाहिला, तो खाली बसून दगड झाला. घरची हळद घालून पाहिली, तर रंग मळकट आला आणि पुसला तरी नखं पिवळीच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांदा हळद लागली म्हणायची." ती हसली. पुढच्या वेळेपासून आधी नखाला साध्या पॉलिशचा एक हात द्यायचा आणि तो वाळला की वर रंग, अशी तिनं रीत पाडली. चुकलेल्या बाटल्या ती टाकत नसे. कशात तरी कामाला येतील म्हणून कपाटात मागं ठेवायची.

सासूबाईंना हे सगळं रिकामटेकडं वाटायचं. "नखं रंगवून भांगलाय कोण येनार?" त्यांनी एकदा विचारलं.

"मीच येनार, आत्या," ती म्हणाली.

आणि ती आली. हिरवी नखं घेऊन दिवसभर उसातलं तण काढत आमच्याबरोबर भांगलत होती. संध्याकाळी नखांवरचा रंग टवके उडून अर्धा गेला होता. हातपाय धुऊन, भाकरी थापून झाल्यावर ती ओसरीवर बसली आणि उरलेला पुसून नवा लावला. त्यानंतर सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत.

बेंदराला आमच्या ह्यांनी बैलांची शिंगं रंगवली, त्यांना बेगड लावली. जाऊ बेगडीचे तुकडे हातात देत उभी होती. उरलेल्या चकचकीत कपच्या तिनं गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नखांवर लाल रंगावर सोनेरी, चंदेरी पट्टे होते, अगदी शिंगांवर होते तसे. ते बघून आमचे हे हसत म्हणाले, "आता गोंडे तेवढे बांधायचे राहिले." मला मात्र हसू आलं नाही. शिंगं मी लहानपणापासून बघत आलेय. ती इतकी देखणी असतात हे तिच्या बोटांवर बघितल्यावर मला कळलं.

आता सासूबाईंच्या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. त्या नव्या नवरी असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा उजवा अंगठा सापडला होता. बोट वाचलं, पण नख पुन्हा आलं ते मधोमध चिरलेलं, जाड आणि काळपट. हळदीकुंकवाला, लग्नकार्यात त्या उजवा हात कायम पदराखाली धरायच्या. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहून हे बघत होते, पण त्यावर बोलायचं कधी धाडस झालं नव्हतं. त्यांनी तो विषय निघूच दिला नसता.

त्यांचं माहेर शिराळ्याचं. श्रावणात नागपंचमीला त्या माहेरी जायच्या. त्या वर्षी जायच्या आदल्या दुपारी त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. जाऊ त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि सरळ म्हणाली, "आत्या, अंगठा द्या."

"कशाला?"

"त्या चिरेत मला नाग दिसतोय."

मी चुलीपाशी होते. आता सासूबाई काय बोलतील या भीतीनं मी बाहेर डोकावले. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली, अंगठा पदराला पुसला आणि पुढं केला.

खराट्याच्या काडीला स्वतःचे चार केस दोऱ्यानं बांधून तिनं कुंचला केलेला होता. आधी नखावर पिवळसर मातकट रंग दिला. तो वाळला तशी नखाच्या मुळापासून निघालेली ती वाकडी चीर तिनं काळ्या रंगानं भरली, आणि नखाच्या टोकाशी फणा काढला. टाचणीच्या डोक्यानं फण्यावर दोन पांढरे ठिपके दिले. चीर लपवली नव्हती. उलट तीच नागाचं अंग झाली होती. ती सरळ असती तर नाग इतका जिवंत वाटला नसता.

सासूबाईंनी अंगठा उन्हात धरून बघितला. "वळवळतोय की," एवढंच म्हणाल्या.

शिराळ्याहून आल्यावर पिशवी ठेवायच्या आधी त्यांनी सांगितलं, "भावजयीनं दहा बायका बोलावून आनल्या बघाय." आणि मग जावेला विचारलं, "ह्यो किती दिस ऱ्हातो?"

तिथून पुढं ते नख जावेच्या ताब्यात गेलं. दिवाळीत त्या चिरेची पणतीची वात झाली. उसाला तुरे आले तेव्हा ती उसाचं कांडं झाली आणि वर चंदेरी तुरा आला. संक्रांतीला सासूबाईंची बाकीची नखंही रंगली, काळ्यावर हलव्याचे पांढरे दाणे. पाडव्याला चिरेची गुढीची काठी झाली. दर वेळी काय काढणार हे ती आधी सांगायची नाही, आणि सासूबाईही विचारायच्या नाहीत. डोळे मिटून बसायच्या. हळूहळू गल्लीतल्या बायका यायला लागल्या. खुरप्यानं घट्टे पडलेले, शेणानं रापलेले हात ओसरीवर रांगेनं पुढं यायचे. कुणाचं नख कसंही असो, जाऊ आधी ते निरखून बघायची. त्या नखात काय बसेल ते त्या नखावरूनच ठरायचं. एवढ्या आदरानं त्या हातांकडं दुसरं कुणी बघितलेलं मला तरी आठवत नाही.

पाडवा होऊन थोडे दिवस झाले असतील. सासूबाईंच्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताशयात खडे निघाले आणि सांगलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आम्ही दोघी त्यांच्यासोबत होतो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्स आली आणि त्यांचे हात बघून म्हणाली, "मावशी, हे सगळं पुसावं लागेल. रक्तात प्राणवायू किती आहे ते बोटाला लावून बघतात, रंग असला की नीट कळत नाही."

जावेनं पर्समधून कापूस आणि रंग पुसायचं औषध काढलं. एकेक नख पुसत गेली. अंगठा आला तशी सासूबाईंनी हात चादरीखाली ओढून घेतला.

"एवढा ऱ्हाऊ द्या, बाई."

नर्स म्हणाली, "एक राहिलं तर चालेल का, डॉक्टरांना विचारून येते."

ती वळली तेवढ्यात जाऊ म्हणाली, "नगा विचारू. पुसते मी." मग सासूबाईंकडं वळून हलक्या आवाजात म्हणाली, "आत्या, आत तुमचं समदं नीट कळाय पायजे त्यास्नी. गुढी काय, मी परत उभी करीन."

सासूबाईंचे डोळे भरले होते. त्यांनी हात बाहेर काढला. जावेनं रंग पुसला. मग ते उघडं, काळपट, चिरलेलं नख स्वतःच्या दोन्ही तळव्यांत झाकून, त्यांना ऑपरेशनला आत नेईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दोन-तीन दिवसांनी भेटायला पाहुणे यायला लागले. शिराळ्याची भावजय आली, आष्ट्याच्या शेजारणी आल्या. सासूबाई उशाला टेकून बसल्या होत्या. पाण्याचा पेला त्यांनी उजव्या हातानं उचलला, सगळ्यांसमोर, अंगठा वर. बोलताना तोच हात हलवत होत्या. पदर खांद्यावरच होता. मी जावेकडं बघितलं. तिनं मला नजरेनंच गप्प राहायला सांगितलं.

वॉर्डात वासाचा त्रास होईल म्हणून तिनं तिथं बाटली उघडली नाही. घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेरच्या कट्ट्यावर, गाडी येईपर्यंत, तिनं अंगठा रंगवला. त्या वेळी चिरेची आंब्याची डहाळी झाली आणि टोकाला दोन कैऱ्या लटकल्या. ऑपरेशनच्या दिवशीची ती नर्स डबा खायला बाहेर आली होती. ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला ड्यूटीवर लावता येत नाही. पण करंगळीला लावाल का, एका दिवसापुरतं? उद्या सुट्टी आहे." जावेनं तिलाही बसवून घेतलं.

आता जाऊ दिराबरोबर उत्तरेत, सैन्याच्या क्वार्टर्समध्ये असते. तिथल्या बायकांनाही तिनं नाद लावलाय. अधूनमधून हातांचे फोटो पाठवते. मागच्या आठवड्यात आला त्यात निळसर पांढऱ्यावर उघड्या फांद्या होत्या, एकही पान नाही. सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरून बघितला आणि मला म्हणाल्या, "थंडी लय दिसतीया तिकडं. एक गोधडी धाडून दे पोरीला."

गोधडी काल पाठवली.