गच्चीवरचे बोंबील

आमच्या घरात मासळी फक्त कुत्रा खायचा.

हा सुलतान गंगापूरकडं माझ्या मामांच्या मेंढरांमागं वाढलेला. मामांनी मेंढरं विकली आणि त्याला आमच्या क्रांती चौकाजवळच्या फ्लॅटवर आणून सोडलं. इथं आल्यापासून त्यानं अन्नावर रागच धरला. दूध-भाकरी, अंडं, मटणाचं पाणी, सगळं नुसतं हुंगायचा आणि दाराशी जाऊन पडायचा. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या तसा माझ्याही घशाखाली घास उतरेना. जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवलं, त्याच्या जेवणावर सुक्या मासळीची पूड भुरभुरून बघा. ऑनलाइन मागवली. त्यानं वाटी चाटली, फरशी चाटली. (पाकीटही चाटलं.) पण पूड संपली, दुसरं पाकीट येईना, तेव्हा मी जाहीर केलं की असली पूड मी घरीच करणार.

बायकोनं कपाळावर हात मारला. माझे वडील, म्हणजे अण्णा, एवढंच म्हणाले, "कुत्रं हाय का जावई?"

मी माघार घेणारा माणूस नाही. जुन्या शहरातल्या बाजारातून सुके बोंबील आणले, मीठ निघावं म्हणून भिजवले आणि पुन्हा वाळवायला गच्चीवर नेले. उन्हाळ्याचे दिवस. गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या मंदाकाकूंच्या कुरडया धुतलेल्या साडीवर ओळीनं मांडलेल्या. काकू पक्क्या शाकाहारी, सोसायटीच्या चेअरमनही त्याच. मी शहाणपणानं लांबचा कोपरा निवडला, वर जुनी मच्छरदाणी टाकली आणि खाली येऊन आंघोळीला गेलो.

मच्छरदाणीला भोकं होती, हे डासांना ठाऊक होतं तसं कावळ्यांनाही असावं. मी डोक्याला साबण लावलेला असताना बायकोनं दार वाजवून बातमी दिली. टॉवेलवरच वर धावलो. एक कावळा बोंबील घेऊन उडालेला, दुसरा त्याच्या मागं, आणि त्या झटापटीत बोंबील थेट कुरडयांवर पडलेला. तो घ्यायला मांजर आलं. मांजराला हाकलायला मी गेलो आणि साडीवर घसरून कुरडयांत बसलो.

काकू वर आल्या. त्यांच्यामागं निम्मी बिल्डिंग आली. काकूंनी चिमट्यानं बोंबील उचलून माझ्यापुढं धरला आणि ही घाण आजच्या आज गच्चीवरून हलवायची, असं सांगितलं.

टॉवेल एका हातानं धरून मी उभा राहिलो. "घाण नाय, काकू. मीठ नाय, मसाला नाय, रंग नाय. माणसानं खावं असं शुद्ध आहे हे."

"मग खा."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी बोंबील घेतला आणि तोंडात टाकला. जुन्या चपलेचा अंगठा चावावा तसं झालं. डोळ्यांतून पाणी आलं, त्यात कपाळावरचा साबण उतरला. तरी चावत राहिलो आणि म्हणालो, "लई भारी."

तेवढ्यात उघड्या दारातून सुलतान वर आला. ज्याच्यासाठी मी हे सगळं सोसत होतो, तो बोंबलांकडं ढुंकूनही न बघता कुरडया खायला लागला. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. आता काकू ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या घरात तर कुणी नाव काढत नाही कुरडयांचं. खाऊ द्या त्याला."

आता काकू रोज त्याच्यासाठी वाटीभर गव्हाचा चीक देतात. सुलतान चांगला गुटगुटीत झालाय. बोंबील गच्चीवरून हलवले नाहीत ते नाहीतच. वाळवले, कुटले, बरणी भरली. सुलतान तिला तोंड लावत नाही. पण माणसानं खावं असं आहे, हा शब्द मी अख्ख्या बिल्डिंगसमोर देऊन बसलोय, तेव्हा वरणावर चिमूटभर मीच टाकून घेतो. सवय लागली. परवा बरणी संपल्यावर मी पुन्हा बाजाराची पिशवी काढली, तर बायकोनं शांतपणे विचारलं, "तुमचे बोंबील संपले व्हय? मग डॉक्टरांकडं न्यायचं कुणाला, सुलतानला का तुम्हाला?"