चार डिस्क आणि एक गाऱ्हाणं

आमच्या तोंडवलीच्या घरात 'बॅकअप' हा शब्द मी आणला, आणि इतक्यांदा उच्चारला की वाडीतली पोरं माझ्या पाठीमागे मला त्याच नावाने ओळखतात.

लग्नांचे, दशावताराचे, जत्रांचे व्हिडिओ काढणं हा माझा धंदा. ते साठवायला मी चार डिस्कची एक पेटी घेतली. तिची खुबी मी गिऱ्हाइकांना आमच्याकडच्या सामायिक जमिनीवरून समजावतो. चार भावांपैकी एक मुंबईला बेपत्ता झाला, तरी उरलेले तिघे मिळून त्याच्या वाट्याची हद्द बरोबर सांगतात. दोघे बेपत्ता झाले, की मात्र कोर्ट.

त्या पेटीत काकांचं गाऱ्हाणं होतं. काका देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायचे. आवाज असा, की देवालाही नाही म्हणायची सोय नसावी. ते गेले त्याच्या आदल्या जत्रेत मी ते मोबाईलवर टिपून घेतलं होतं. काकीने ते ऐकायला कधी मागितलं नाही. ते आहे ना, एवढंच अधूनमधून विचारायची, "ता आसा मा?" मी म्हणायचो, आसा. ती पुन्हा कामाला लागायची.

मुंबईच्या चुलत भावांकडेही ते होतं. पण त्यांचे फोन भरले, तेव्हा मीच ऐटीत कळवलं, "खुशाल पुसून टाका, माझ्याकडे चार डिस्कवर आहे." जन्मात माझा एक शब्द न ऐकलेल्या त्या मंडळींनी हा तेवढा त्याच दिवशी ऐकला. मीही मग माझ्या फोनमधून काढून टाकलं.

यंदा नवरात्रात पेटी बोंबलायला लागली. एका डिस्कपुढचा दिवा लाल झाला होता.

"अरे, ह्या कित्याक कोकालता?" काकीने विचारलं.

मी समजावलं. तिला झटकन कळलं. "म्हणजे एक आजारी पडलो, तर तिघे तेचा काम करतत. मगे बरा आसा."

"बरा आसा, पण नवीन डिस्क येईपर्यंत हात लावू नको," मी म्हटलं. नवीन डिस्क तळेऱ्याला येऊन पडली होती आणि दसरा झाल्याशिवाय तिथून हलायची नव्हती. कुरियरवाल्याने हे मला इतक्या आनंदाने सांगितलं, की त्याला दसऱ्याच्या शुभेच्छा द्याव्या लागल्या.

खंडेनवमीला मी मालवणात एका हॉटेलच्या उद्घाटनाचं शूटिंग करून घरी आलो. पेटीचा आवाज बंद होता. क्षणभर बरं वाटलं, आणि मग मी धावतच ओटी चढलो.

ओटीवर पाटावर हत्यारं मांडली होती. कोयता, पारय, नारळ खवायचा विळीसारखा आडाळो, मिक्सर, माझ्या स्कूटरची चावी. आणि त्या रांगेत ओल्या फडक्याने पुसलेल्या, हळदकुंकू लावलेल्या माझ्या चार डिस्क. आजारी होती तिला झेंडूचं फूल जास्तीचं.

"काकी, ह्या काय केलंस?"

"काय केलंय? वर्षभर राबतत बिचारे. आज सगळ्या हत्यारांक विसावो. उद्या पूजा उतारलंय की लाव."

आमच्याकडे पुजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. मी आडाळ्याकडे बोट दाखवलं. तो पूजा आटोपताच पाटावरून उठून स्वयंपाकघरात रुजू होणार होता.

"तेका चलता," काकी म्हणाली. "नैवेद्याक नारळ खवूक होयो. तुज्या पेटयेत खंय नारळ खवतत?"

वर्षानुवर्षं अखंड फिरणाऱ्या डिस्क एकदा थांबल्या, की पुन्हा उठतीलच याचा नेम नसतो, त्यातून आमची खारी हवा, हे मला ठाऊक होतं. पण सणाच्या दिवशी काकीला सांगायची छाती माझ्याकडे नव्हती.

दसऱ्याला पूजा उतरल्यावर पेटी लावली. धडधाकट तिघींपैकी एक टकटक करून गप्प झाली, ती कायमची. दोघे भाऊ बेपत्ता. पण चौथा दिवा लुकलुकला. फूल जास्तीचं मिळालेली ती आजारी डिस्क, दिवसभर थंड झाल्यामुळे म्हणा, उठली होती. त्या अर्धमेलीला आणि दोन चांगल्या डिस्कना जबरदस्तीने जुंपून मी सगळ्यात आधी गाऱ्हाणं लॅपटॉपवर उतरवायला घेतलं. ज्यांची लग्नं त्या पेटीत होती त्यांनी क्षमा करावी. काहींची तर तोवर मोडलीही होती.

निम्म्याहून थोडं अधिक उतरलं, आणि डिस्कने मान टाकली.

काकी आतून म्हणाली, "ता आसा मा?"

जेवढं होतं तेवढं लावलं. काकांचा आवाज घरभर झाला. "...पोराटोरांक, गुराढोरांक सुखी ठेव रे म्हाराजा!" त्यावर सगळ्या गावाचं "होय म्हाराजा!" मग "दर्यात गेलेली होडी..." आणि पुढे काही नाही.

आडाळ्यावर नारळ खवण्याचा आवाज थांबला. मी मान खाली घातली.

"...दर्यात गेलेली होडी भरून परत हाड," काकी आतून म्हणाली, काकांच्याच चालीत. "मुंबैक गेलेल्या झिलाक वाटेक लाव, आणि जो तुका इसारलो तेकाय तू इसरू नको रे म्हाराजा!"

आणि ती थांबली. वाट बघत राहिली. घरात मी एकटाच होतो. "होय म्हाराजा," मी म्हटलं. मग ती पुढे गेली, पार शेवटापर्यंत. जन्मभर काका आंघोळीचं पाणी तापेपर्यंत चुलीपाशी ते घोकायचे, आणि चुलीपाशी ही असायची.

दुसऱ्या दिवशी तळेऱ्याहून डिस्क आली, पाठोपाठ आणखी एक मागवली. पेटीचे चारही दिवे आता हिरवेगार आहेत, आत काही नाही. मी मोबाईल घेऊन काकीपुढे बसलो. तिने हात झटकला. "ता देवाचा. सणाक म्हटलंय. रोज उठून म्हणूचा नसता."

अख्खं गाऱ्हाणं आता एकट्या तिच्यापाशी. तिला रक्तदाबाची गोळी आहे, आणि ती हमखास विसरते. आता सकाळ-संध्याकाळ मीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारतो, "काकी, गोळी घेतलंस मा?"