दोरीच्या आतला मका

आमची उपासना मका खात नाही. पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये मी तिची रूममेट. कॉर्न उपमा केला की ही बाई उठून खिडकीशी उभी! पहिल्यांदा मी भडकलेच. म्हटलं, "नखरे पुरे कर, यार." तेव्हा सगळं बाहेर आलं.

उपासना अकोल्याची, इथे परदेशात शेतीच्या अर्थशास्त्रात पीएचडी करते. मलावी देशात घरच्याच माणसांनी कसलेली लहान शेतं मोठ्या मळ्यांच्या तोडीस तोड पिकतात, हे तिला सिद्ध करायचंय. त्यासाठी गेल्या वर्षी ती शेताशेतात दोरी बांधून चौकोन आखत फिरली. नियम असा की चौकोनातलं कणीस कोणी तोडायचं नाही. टीम येऊन कापणार आणि वजन करणार. एस्नात नावाच्या शेतकरी बाईला तिने दुभाष्याकरवी हेच बजावलं. वर हसून म्हणाली, "मावशी, तुमच्या भरवशावर हं!"

त्या वर्षी घरातलं धान्य लवकर संपलं, आणि टीमला यायला उशीर झाला. उपासना पोचली तेव्हा एस्नातच्या शेतातली कणसं कोवळी असतानाच खाऊन झालेली होती. मधला चौकोन तेवढा भरगच्च उभा. एस्नातची सासू त्याच उपासमारीत गेली होती. पाहुणीला शब्द दिला होता ना!

त्या चौकोनातल्या पिकाच्या वजनाचा आकडा सगळ्यांत वरचा निघाला. तो काढून टाकूया म्हणून ही गाइडपुढे रडली, तर ते म्हणाले, "मोजमाप नियमाप्रमाणे झालंय. काढायचं कशासाठी?" कशासाठी म्हणे, कपाळ माझं! असा राग आला मला. पण ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट. तेव्हापासून उपासनाला तो चौकोन कुठेही दिसतो. किचनच्या फरशीत, पार्किंगच्या पांढऱ्या रेषांत. ती आत पाय टाकत नाही, वळसा घालून जाते. मला भीती वाटते तिची.

परवा रविवारी सकाळी दुभाष्याचा फोन आला. स्पीकरवरच होता. एस्नात त्याच्या शेजारी उभी होती. यंदाही पोटाची ओढाताण आहे, पण काळजी करू नका, म्हणाली. दोरी मीच बांधून ठेवलीय, पोरींना आत फिरकू देत नाही. तुम्ही कधी येताय?

उपासना पांढरीफटक पडली. सर्व्हे कधीच संपला होता, आणि हे तिकडे कळवायचं कोणालाच सुचलं नव्हतं. ती फोनवर ओरडायलाच लागली, "खा म्हणावं! आत्ताच्या आत्ता तोडा, पोरींना घाला, कोणी येणार नाहीये!"

दुभाष्याने सांगितलं. मग एस्नात हळू आवाजात बोलली, आणि दुभाषा चाचरत म्हणाला, "त्या विचारतायत, आमच्याकडून काही चुकलं का?"