अमडापूरच्या जिममधली चापट

शेवटची पोस्टिंग राजस्थानात होती. सव्वीस वर्षं नोकरी करून नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि अमडापूरला घरी राहू लागलो. पहाटे चारला जाग यायची आणि पुढे काय करायचं ते कळायचं नाही. फॉल-इन नाही, रोल कॉल नाही. बायको म्हणाली, "घरात येरझारा घालू नका. जिमले जा." गेलो.

जिम संतोषची. तो माझ्या भावकीतला, तिशीतला. शटर सहाला उघडायचं, मी पाच पन्नासला दारात. भिंतीवर नियमांचा फळा होता. प्लेटांना लॉक लावल्याशिवाय रॉड उचलू नये. वजन जागेवर ठेवावं. कुणाच्या अंगावर हात टाकल्यास मेंबरशिप बंद. मला तो फळा आवडला. नियम मोडणाऱ्यांना मी आवाज द्यायचो. ते काम मला कुणी दिलं नव्हतं.

त्या दिवशी मंगळवार होता. वेळ सहा चाळीस. मी रॉडला प्लेटा चढवल्या. उजवीकडचं लॉक लावलं, डावीकडचं राहिलं. रॉड उचलताच एका बाजूला कलला आणि डावीकडची वीस किलोची प्लेट सरकू लागली. तिकडे आरिफ उभा होता. ट्रॅक्टर मेकॅनिक आहे, गावातलाच. दोन्ही डंबेल डोक्यावर, कानात इअरफोन.

"बाजूले हो बे!" मी ओरडलो. दोनदा ओरडलो. तो हलला नाही.

प्लेट त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर आदळली. मी रॉड स्टँडवर ठेवला. आरिफने डंबेल सावकाश खाली ठेवले आणि तो सरळ उभा राहिला. मी जाऊन त्याच्या कानाखाली वाजवली. धोका तोवर टळला होता. हे मुद्दाम लिहितो आहे.

संतोष धावत आला. "आरिफ, कानात वायरी घालून काऊन उभा राह्यतो बे? उद्यापासून येऊ नको."

आरिफने टॉवेल उचलला. दाराकडे निघाला. राहिलेलं लॉक बेंचवर होतं, माझ्या पाण्याच्या बाटलीशेजारी. मी का मारलं, ते मला सांगता आलं नसतं.

"संतोष, थांब," मी म्हणालो. "लॉक मी लावलं नाही. हात मी टाकला. माझं नाव काट."

"जाऊ द्या ना साहेब. नियम पोट्ट्यांसाठी हायेत. तुमाले थोडी हायेत?"

"मंग फळ्यावर तसं लिही."

मी रजिस्टर मागून घेतलं, माझ्या नावावर रेघ मारली, कारण लिहिलं आणि सही केली. मग सगळ्यांसमोर म्हणालो, "आरिफ, चूक माझी होती. माफ कर."

तो दारात थांबला. "मले ऐकू आलं होतं काका. गाणे बंद होते. पण मांगच्या बेंचवर एक जण बसला होता. मी हाललो असतो तर डंबेल त्याच्या डोक्यात गेले असते."

घरी आलो. चहा समोर थंड झाला.

आरिफच्या बोलण्याने जुनी गोष्ट वर आली. मी हवालदार असताना एका बर्फाच्या पोस्टवर माझ्या सेक्शनमध्ये सिपाही दत्ता होता, हिवरा आश्रम या गावचा. एका दुपारी तो उतारावर दोर धरून उभा होता. खालच्या नाल्यातून दोघे त्या दोराने वर येत होते. मी वरच्या खडकावर, हातात रेडिओ सेट; दुसरा सेट दत्ताच्या खांद्याला. वरचा बर्फ सुटताना मला दिसला.

"दत्ता, डावीकडे हो. ओव्हर."

तीनदा बोललो. उत्तर आलं नाही. दोघे खडकाला पोचले. दत्ता बर्फाखाली गेला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, त्याचा सेट बंद असावा, आदेश पोचला नाही. त्याच्या आईलाही तेच सांगितलं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही.

जिममध्ये हे घडलं त्याच आठवड्यात हिवरा आश्रमला गेलो. त्याची आई तूर निवडत होती.

"मावशी, दत्ताले ऐकू गेलं असंल."

"मंग हालला काऊन नाही तो?"

"हातात दोर होता. दोराले दोघं होते."

तिचा हात थांबला. "ते दोघं हायेत?"

"हाव."

"लेकरंबाळं?"

"हाव."

"जेवून जा," ती म्हणाली आणि उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी तिला बरं सांगितलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही. आरिफला मारलं ते दत्तामुळे, की नुसती जुनी सवय, तेही कळत नाही.

सिपाही दत्ता. वय तेवीस. बर्फातून काढला तेव्हा दोर त्याच्या मुठीत होता. ते मी त्या दिवशीही पाहिलं होतं.